मेंढरं कुणाचं ऐकतात

आमच्या सखूचं वागणं गेल्या दिवाळीपासून बिघडलं आहे, हे मी आधीच सांगून टाकते. सखू म्हणजे माझी धाकटी जाऊ. तव्यावर भाकर असते आणि दारात पोरं येऊन ओरडतात, "भूतमावशी, डोळे करून दाखव!" की ही बया उलथनं तिथंच ठेवून दारात जाते. मान वाकडी करते, डोळ्यांची बुबुळं वर चढवते आणि उंबऱ्यात उभी राहते. पोरं किंचाळत पळतात. मग ही तोंडाला पदर लावून हसत चुलीपाशी येते. तोवर भाकर करपलेली. मी बोलले तर म्हणते, "लेकरं हायेत, मोठ्या बाई." आणि करपलेली भाकर स्वतःच्या ताटात घेते, तीही मला दिसेल अशी.

पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. धाकटे दीर जाऊन पाच वर्षं झाली. लेकरूबाळ नाही. बावीस वर्षं माझ्या हाताखाली राबली, पण तिचा आवाज कधी शेजारच्या घरापर्यंत गेला नाही. आणि आता सिद्धेश्वरच्या धरणापासून वसमतपर्यंत लोक तिला ओळखतात. मला कुणी ओळखत नाही. ओळखलं तर "भुताची जाऊ" म्हणून ओळखतात.

ती भूत कशी झाली ते सांगते, कारण लोक अर्धंच सांगतात.

दोन हजार चारचा उन्हाळा. माझा भाचा शिवहार, हट्टा गावच्या माझ्या भावाचा थोरला, औरंगाबादला नाटकाचं शिक्षण घेऊन आला होता. नाटकाचं शिक्षण म्हणजे काय, हे माझ्या भावाने त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पोराने इतकं समजावलं की भाऊ तिसऱ्यांदा विचारायला धजला नाही. तर हा शिवहार एके दिवशी जीप घेऊन आमच्या दारात उतरला. सोबत त्याच्याच वयाची सहा-सात पोरंपोरी आणि वसमतचा मोहनसिंग, जो लग्नांची शूटिंग करतो.

"आत्या," शिवहार पाया पडून म्हणाला, "भुताचा पिच्चर काढून राहिलो. आठ दिवस तुझ्याकडंच मुक्काम."

"हिरो कोण?"

त्याने एका केसाळ पोराकडे बोट केलं. त्याचं नाव रुद्र. हिरोइन राधिका, नांदेडच्या कॉलेजातली. दोघांनाही त्यांच्या घरच्यांशिवाय कुणी ओळखत नव्हतं. शिवहार म्हणाला, ओळखीचे नट मागतात तेवढे पैसे आपल्याकडे नाहीत, म्हणून सगळी नवी माणसं.

"आन् भूत?"

"तेच हुडकून राहिलो, आत्या. गावातलंच पायजे. खरं वाटलं पायजे."

मग त्याने गोष्ट सांगितली. कॉलेजची पोरं धरणावर सहलीला येतात. धरणाच्या पाण्याखाली एक गाव बुडालेलं असतं. त्या गावातली एक मेंढपाळ बाई आपल्या मेंढरांसोबत पाण्यात गेलेली असते. दिवस मावळला की ती काठावर येते आणि मेंढरांना हाक मारते. त्या हाकेला जो ओ देईल तो गेला.

मी ऐकलं आणि मनात हिशेब लावला. मेंढरं आमची. घर आमचं. भूत जे घोंगडं पांघरणार ते आमचं. भाकरी आमच्या चुलीवरच्या. दिग्दर्शक माझ्या भावाचा पोरगा. मग भूत कुणाचं असायला पाहिजे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्याला तेल लावलं, ठेवणीतलं इरकल नेसले, नाकात नथ घातली आणि ओसरीवर बाजेवर जाऊन बसले. शिवहार आणि मोहनसिंग कॅमेरा लावून इकडे तिकडे बघत होते. शिवहारने माझ्याकडे बघितलं. मी मान ताठ केली.

"आत्या, जरा बाजूला सरक. उजेड अडून राहिला."

मी सरकले. तेवढ्यात सखू रानातून आली. डोक्यावर लिंबाच्या पाल्याचा भारा, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ, तोंड उन्हाने काळं पडलेलं. भाऱ्याखालून तिने या पाहुण्यांकडे बघितलं आणि लाजून तशीच उभी राहिली. शिवहार उठला. मोहनसिंगचा दंड धरून हळूच म्हणाला, "हीच."

"ही?" मी म्हणाले. "हिला धड बोलताबी येत न्हाई."

"बोलायचं न्हाईच, आत्या. नुसतं बघायचं."

"बघायचंच हाये तर मी बघते की."

शिवहार हसला. तो लहानपणापासून माझ्या मांडीवर वाढलेला, म्हणून त्याची हिंमत झाली. म्हणाला, "तू बघितलंस की माणसाला आधी आपली चूक आठवते. मला भीती पायजे, आत्या. शिक्षा न्हाई."

सगळी पोरं हसली. ती राधिकासुद्धा, जिने अजून माझ्या घरचा चहा संपवला नव्हता.

सखूने भारा खाली टाकला. "मोठ्या बाई, तुमी म्हणाल तसं. तुमी न्हाई म्हणल्या तर मी काही जाणार न्हाई." असं सात परक्या पोरांसमोर म्हणाली. आता मी नाही म्हणाले असते तर मी कोण ठरले असते?

"जा," मी म्हणाले. "भूतच व्हायचं तर चांगलं हो."

आठ दिवस आमच्या घरात सखूचं राज्य होतं. मोहनसिंगच्या कॅमेऱ्याला अंधारात काही दिसत नाही, त्याला लग्नाच्या मांडवातल्या लायटी लागतात. म्हणून हे लोक दिवसाच कॅमेऱ्यावर निळा कागद लावायचे आणि त्याला रात्र म्हणायचे. रक्त गुळाच्या पाकाचं. रुद्र मरून पडायचा आणि दोन मिनिटांत त्याला मुंग्या लागायच्या. मेलेला पोरगा "अरे चावल्या, चावल्या" करत उठायचा. सखूच्या तोंडाला तांदळाचं पीठ आणि राख. दुपारच्याला राधिका तिचे केस विंचरून पसरायची आणि तिला "आई, आई" करायची. रुद्र शूटिंगच्या आधी तिच्या पाया पडायचा. माझ्याकडे कुणी आलं तर एकच विचारायला, "आत्या, भाकरी अजून हायेत का?"

होत्या. रोज पंचेचाळीस थापत होते मी.

तिसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी आरशासमोर उभी राहिले. मान वाकडी केली. बुबुळं वर चढवली. तेवढ्यात आमचे मालक, रामकिशन, आत आले.

"डोळ्यात काही गेलं का?" त्यांनी विचारलं.

"धूर गेला," मी म्हणाले. चूल विझलेली होती, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

आता मला हाकेबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या घरात मेंढरांना हाक एकाच बाईची. पोटातून खोल उचलायची, "हुर्रऽऽ ये ये ये," आणि शेवटी आवाज उभा चिरत न्यायचा. माझ्या सासूला ती तिच्या सासूने दिली आणि माझ्या सासूने अंथरुणाला खिळल्यावर मला दिली. थोरलीची हाक थोरलीकडेच जाते. हाक मारायची, येतील त्यांना हातावर मीठ चाटवायचं. दुसऱ्या कुणी ती मारायची नाही, नाहीतर मेंढरं दोन आवाजांत फाटतात, रानात अर्धी इकडे राहतात, अर्धी तिकडे. सखूने बावीस वर्षांत एकदाही ती मारली नाही. हे मी कबूल करते. तिच्या अंगात नाही तेही सांगते. तिचा आवाज पाण्यात बुडवलेल्या कापडासारखा.

शेवटच्या दिवशी शेवटचा सीन होता. भूत पाण्याच्या काठावर उभं आहे आणि भोवती सगळी मेंढरं. आवाज पुढे औरंगाबादच्या एका गाणाऱ्या पोरीकडून घालू, असं शिवहार म्हणत होता. मी त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "मेंढरं हिच्याजवळ थांबणार न्हाईत. मेंढरं माझं ऐकतात."

"बघू की, आत्या."

दिवस कलला होता. मी भाकरीची टोपली घेऊन निघाले आणि येड्या बाभळीच्या झुडपाआड थांबले. मुद्दाम थांबले, खोटं कशाला सांगू. सखू माझ्याच घोंगड्यात, केस मोकळे सोडून, पाण्याला पाठ करून उभी होती. तिच्या ओटीत मीठ बांधून दिलं होतं. आणि आमची ऐंशी मेंढरं तिच्याभोवती अशी गोळा झाली होती, जशी काही ती त्यांच्यातच जन्मली.

मिठाला आली आहेत, मी मनाला सांगितलं. मुकी जात, माणूस बघत नाही. पण मग मला आठवलं की पावसाळ्यात पिल्लांना खुरी झाली, खूर सडायला लागले, तेव्हा रात्ररात्र त्यांच्याजवळ बसली होती ती सखू. अडलेली मेंढी मोकळी करायला हात घालते ती सखू. मी हाक मारते, मीठ देते आणि घरात येते. मला हे माहीत होतं, पण कुणी असं समोर मांडून दाखवलं नव्हतं. तेवढ्यात आमच्या म्हाताऱ्या घंटावाल्या मेंढीने, जी माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही असं मी सगळ्या गावाला सांगितलेलं, तिने आपलं डोकं सखूच्या मांडीला टेकवलं.

मी हाक मारली.

एकदाच. पोटातून. शेवटपर्यंत चिरत नेली.

ऐंशी माना एकदम वळल्या. सखूने ओटीतलं मीठ दाखवायच्या आतच सगळा कळप उधळला. धुरळा असा उठला की पाणी दिसेना. धुरळा खाली बसला तेव्हा काठावर सखू एकटी उभी होती, ओटीतून मीठ सांडत होतं. 'मी सांगेपर्यंत हलायचं नाही' असं शिवहारने तिला सांगितलेलं, म्हणून ती हलली नाही. तोंड मिटलेलं. फक्त तिचे डोळे हळूहळू झुडपाकडे वळले. राधिका किंचाळली, आणि ती किंचाळी शिकवलेली नव्हती.

मी टोपली उचलली आणि नाल्यातून मेंढरांना घेऊन घरी आले. अर्ध्या तासाने सगळे आले तेव्हा मी दारात उभी होते. "मेंढरं भेदरून घरी आली," मी म्हणाले. "सांगितलं होतं ना?"

शिवहार मोहनसिंगसोबत कॅमेऱ्यात डोकं घालून बसला. दुसऱ्या दिवशी जाताना मला घट्ट मिठी मारून गेला. मला वाटलं, पोराचं दुःख पोटात मावत नाही. सीन गेला, पिच्चर गेला. मला दिवाळीपर्यंत छान झोप लागली.

दिवाळीला वसमतच्या एका व्हिडिओ हॉलमध्ये दुपारच्याला तो पिच्चर लावला. नाव "पाण्याखालची बाई". गावातून दोन टेम्पो भरून माणसं गेली. मी पहिल्या ओळीत बसले, एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला सखू. ती पदराचं टोक चावत होती.

पिच्चर बरा होता. निळ्या कागदाची रात्र दिवसासारखीच दिसत होती. मुंग्या दिसत होत्या. मागे बसलेली पोरं हसत होती, शिट्ट्या मारत होती. मी पण हसले, जरा मोठ्यानेच. आणि मग तो सीन आला.

सीन गेला नव्हता. मोहनसिंगने कॅमेरा बंदच केला नव्हता.

पडद्यावर सखू, भोवती मेंढरं. सगळं गप्प. सखूचं तोंड मिटलेलं. आणि कुठूनतरी, झाडातून का पाण्यातून कळत नाही, ती हाक आली. मेंढरं भुताला सोडून उधळली. धुरळा. मग एकटं भूत, ओटीतून पांढरं काहीतरी गळतंय, आणि डोळे हळू वळतायत, थेट आपल्यावर. हॉलमधली शिट्टी थांबली. मागे एक पोरगं रडायला लागलं. एक म्हातारा "नामदेवा, नामदेवा" करू लागला. आणि माझ्या अंगावर माझ्याच आवाजाने काटा आला.

मालकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं हा माणूस ती हाक ऐकतो. बघितलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळून शेंगा सोलायला लागले. 

शेवटी नावं आली. मला अक्षर जोडून वाचता येतं, मी दुसरीपर्यंत शाळेत गेले आहे. रुद्र, राधिका, मग "भूत आणि भुताचा आवाज: सखुबाई". सगळ्यात खाली, पडदा पांढरा व्हायच्या आधी, "आभार: आत्या, भाकरीबद्दल". नावसुद्धा नाही. आत्या.

बाहेर पडलो तर सखूभोवती ही गर्दी. "काय आवाज काढला, सखुबाई! काळीज फाटलं आमचं." "तोंडबी हलत न्हाई बघा, आन् आवाज येतो!" सखू मान खाली घालून उभी. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.

त्या दिवसापासून मी मनात एकच घोकत होते. हाक माझी. माझ्या सासूची, तिच्या सासूची. ती परत घ्यायला मला एकच वाक्य बोलायचं होतं, की ती मी मारली. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न गाव विचारणारच. तू तिथं कशाला होतीस, सुभद्राबाई? झुडपाआड काय करत होतीस? आणि मग सगळ्यांना कळलं असतं की मी, थोरल्या घरची, एका विधवा जावेचा सीन मोडायला काट्यात लपले होते. दोन महिने मी ते वाक्य जिभेवर घेऊन फिरले. मेंढरांना रोज हाक मारायचे तर वाटेवरचं कुणीतरी हसून म्हणायचं, "अगदी सखुबाईसारखी जमली बघा, आत्या!"

संक्रांतीनंतर गावाने सखूचा सत्कार ठेवला. शाळेच्या मैदानात खुर्च्या, माइक, शाल, श्रीफळ. शिवहार आला, राधिका आली. बायकांच्या पुढच्या ओळीत मी. शाल खांद्यावर पडली आणि शिवहार माइकवर म्हणाला, "मावशी, एकदा ती हाक होऊ द्या."

गाव ओरडायला लागलं. "हाक! हाक!"

 आता. आता तिला ती मारावी लागेल, आणि तिच्या तोंडातून मांजराचं म्याव निघेल, आणि मला काही बोलावंच लागणार नाही. सखू माइकपुढे गेली. पदर सारखा केला. मग एकदा माझ्याकडे बघितलं.

"ती हाक मेंढरांची हाये," ती हळू म्हणाली. "माणसांम्होरं मारीत न्हाईत. पाप लागतं."

काय टाळ्या पडल्या! मी असली टाळी कुणाच्या लग्नात ऐकली नाही. हाक मारली असती तर एवढी पडली नसती.

घरी आले ती तशीच तिच्या खोलीत गेले. ती कंदुरीच्या, म्हणजे देवाच्या बकऱ्याच्या जेवणाच्या, भांड्यांवरची धूळ पुसत होती, खांद्यावर शाल अजून तशीच. मी दार लोटलं.

"आवाज कुणाचा ते सांगितलं काहून न्हाईस?"

"कोणता आवाज, मोठ्या बाई?"

"येड पांघरू नको. झुडपाकडं बघितलंस तू त्या दिवशी. मी सगळ्या हॉलसंगं पाह्यलं ते."

सखूने फडकं खाली ठेवलं. "शिवहारनं त्याच सांजेला इचारलं. म्हणला, मावशी, तुमचं तोंड तर मिटलेलं, मग हाक आली कुठून? म्या म्हणलं, मीच काढली. पोटातून."

"तोंड न उघडता?"

"व्हय."

"आन् त्यानं मानलं?"

"नाटक शिकलेलं पोरगं हाये. म्हणला, ही लई मोठी कला हाये मावशी, औरंगाबादेत लोकांना दोन-दोन वर्षं शिकूनबी येत न्हाई."

मला हसू आलं, ते मी दाताखाली धरलं. "पर काहून सांगितलंस तसं? हाक पायजे होती तुला?"

"मला काय करायची ती हाक, मोठ्या बाई? मला येतबी न्हाई." तिने खांद्यावरची शाल काढली, चौघडी घातली. "तुमचं नाव घेतलं असतं तर त्यानं इचारलं असतं, आत्या तिथं काहून होती. पोरं होती सगळी. गावात तुमची मान वर हाये. ती माझ्यापायी खाली कशाला?" आणि ती शाल तिने माझ्यासमोर, पेटीवर ठेवली. "ही तुमची. हाकेचा मान तुमचा तुमाला रोज देईन देईन म्हणत होते, पर शाल आजच मिळाली."

पोरांना डोळे करून दाखवताना तिच्या तोंडावर असतं तसलं काही तिच्या तोंडावर नव्हतं. साधं तोंड. भाऱ्याखालून बघत होती तेव्हाचं.

मी शालीला हात लावला नाही. दारापर्यंत गेले. माझ्याकडे सखूसाठी शिव्यांचा साठा आहे, बावीस वर्षं पुरला आहे. त्यातली एकही हाताला लागेना. तशीच वळले.

"सखू," मी म्हणाले, "तू माझी हाक चोरली असतीस तर लई बरं झालं असतं. तुला चार शिव्या घातल्या असत्या, जेवले असते आन् झोपले असते. तू माझी अब्रू झाकून बसलीस. आता जिती हाये तवर रोज सकाळी मला तुझं तोंड बघावं लागंल. घाल ती शाल, तुझीच हाये. तू लई चांगली बाई हाईस. आन् हे मी तुला कधीच माफ करणार न्हाई."